पुस्तकाकडे परत नेणारे खेळ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मुलं, वाचनालय आणि सुट्टीतले उपक्रम या विषयावर आलेल्या पत्रांतून या वेळी दहा प्रश्न निवडले आहेत. उत्तरं देताना चाळणी एकच लावली: खेळ संपल्यावर मूल पुन्हा पुस्तकाशी येतं का? येत नसेल, तर उपक्रम कितीही देखणा असला तरी तो हस्तकलेच्या तासाला शोभेल, वाचनालयात त्याचं काम नाही.

मुलगी तीन वर्षांची आहे. पुस्तक घेऊन बसलं की दोन पानांत उठून जाते, नाहीतर मधलीच पानं उलटते. गोष्ट पूर्ण कशी करायची?
— एक आई

पूर्ण करूच नका. तीन वर्षांच्या मुलाला गोष्टीचा शेवट ऐकायची घाई नसते. पानावरचं चित्र, तुमचा आवाज आणि पान उलटायची सत्ता, एवढ्यावर त्याचं भागतं. पाच ते सात मिनिटं बसली तरी भरपूर झालं. दिवसातून दोनदा पाच मिनिटं मिळाली तर ती सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त कामाची.

पुस्तक तुम्ही वाचायचं आणि तिने ऐकायचं, ही मांडणीच बदलून बघा. चित्राकडे बोट दाखवून विचारा, ती जे बोलेल त्याला दाद द्या, त्यात एखादा शब्द घाला आणि तो तिच्याकडून म्हणवून घ्या. समजा, पावसात उभ्या असलेल्या कुत्र्याचं चित्र आहे.

"हे कोण?"
"भूभू."
"हो, भूभू. भिजलेला भूभू. म्हण बघू?"
"भिजलेला भूभू."

एवढंच. एका पानावर असा एकच फेरा. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर "का भिजला असेल?" असं विचारता येतं. याला संवादी वाचन म्हणतात. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवरचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला होता. लहान मुलांसाठी असलेल्या वाचनालयांत ती आज सर्रास वापरली जाते.

बिघडतं कुठे, तर प्रश्नांचा मारा होतो तिथे. प्रत्येक पानावर "हा रंग कोणता, किती फुलं आहेत, मोज बरं" सुरू झालं की गोष्टीची परीक्षा होते आणि मूल पळतं. तीन पानं नुसती वाचा, चौथ्यावर विचारा. "हो" किंवा "नाही" एवढ्यावर संपणारे प्रश्न टाळा.

घरी नेताना जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं घ्या. पातळ कागदाची पानं या वयाच्या बोटांत फाटणारच. त्याबद्दल शेवटच्या उत्तरात सांगितलं आहे.

आमच्या वाचनालयात दर शनिवारी गोष्टींचा तास असतो. चार ते दहा वयाची पंचवीसेक मुलं येतात आणि दहाव्या मिनिटाला गोंधळ सुरू होतो. काय चुकतंय?
— बालविभाग सांभाळणारी कार्यकर्ती

वयाची सरमिसळ, हे पहिलं. चार वर्षांच्या मुलाला जी गोष्ट कळते ती दहा वर्षांच्या मुलाला बाळबोध वाटते, आणि कंटाळलेलं मोठं मूल दहा लहानांना हलवतं. चार ते सहा आणि सात ते दहा असे दोन गट करा. वेळा वेगळ्या ठेवता येत नसतील, तर मोठ्यांना त्याच वेळी कपाटांमध्ये शोधाशोधीचा खेळ द्या. तो पुढे एका उत्तरात आहे.

लहान गटासाठी पस्तीस मिनिटं पुरतात. पाच मिनिटं हातवारे असलेलं बडबडगीत, आठ मिनिटं मुख्य गोष्ट, दोन मिनिटं उभं राहून हातपाय हलवणं, पाच मिनिटं दुसरी छोटी गोष्ट, दहा मिनिटं हाताने करायचं काम आणि शेवटची पाच मिनिटं पुस्तक निवडणं. मधली दोन मिनिटं वेळ नाही म्हणून गाळू नका, तास तिथेच मोडतो.

बसण्याची जागा आधी स्वतः जमिनीवर बसून तपासा. गोष्ट सांगणाऱ्याच्या पाठीशी खिडकी असेल तर मुलांना पुस्तक काळं दिसतं. खिडकी मुलांच्या पाठीशी हवी. दरवाजाही त्यांच्या पाठीशी असू द्या, म्हणजे उशिरा येणाऱ्याकडे सगळ्यांच्या माना वळणार नाहीत. मुलं अर्धवर्तुळात, फार तर दोन ओळींत. नेहमीच्या आकाराचं चित्रपुस्तक दहा-बारा मुलांनाच नीट दिसतं. संख्या जास्त असेल तर मोठ्या आकाराचं पुस्तक घ्या, नाहीतर गोष्ट तोंडी सांगा आणि पुस्तक नंतर दाखवा.

पुस्तक धरताना एका हाताने खालून, दोन पानांच्या मधोमध पकडा आणि चेहऱ्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. दुसऱ्या हाताने पान उलटा. असं धरलं की मजकूर तुम्हाला तिरका दिसतो, म्हणून गोष्ट जवळजवळ पाठ असावी लागते. आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचून काढा. मनात वाचलेली गोष्ट तोंडात बसत नाही.

कागद, रंग, कात्र्या आधीच मांडून ठेवल्या असतील तर मुलांचं लक्ष गोष्टीत राहणं अशक्य आहे. सगळं झाकणाच्या खोक्यात ठेवा. बोथट टोकाची एक कात्री दोघांत पुरते. चौघांत एक दिली की रांग लागते आणि रांगेत भांडण. डिंकाची बाटली मुलांच्या हातात देऊ नका. बाटलीच्या झाकणात नखाएवढा डिंक काढून द्या, कारण जास्त डिंकाने कागद वळतो आणि तासभर वाळत नाही.

शेवटची पाच मिनिटं आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला कपाटातल्या पुस्तकांच्या पाठी म्हणजे नुसत्या रंगीत पट्ट्या. म्हणून बारा मुलं असतील तर वीस-पंचवीस पुस्तकं मुखपृष्ठ वर करून टेबलावर किंवा सतरंजीवर पसरा आणि मुलांना त्यातून निवडू द्या. "ते नको, हे घे" म्हणणाऱ्या पालकांना तेवढी पाच मिनिटं बाहेर बसवता आलं तर उत्तम.

सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं घरी आहेत. गोष्टीवरून चित्र, मुखवटा असं काहीतरी करतो, पण ते झालं की पुस्तक कोपऱ्यात पडतं.
— दोन मुलांचे बाबा

मुखवट्यासाठी पुस्तक पुन्हा उघडावं लागत नाही, गोम तिथे आहे. काम असं निवडा की ते करताना दोन-तीनदा पानं चाळावीच लागतील.

धाकट्यासाठी फिरती चकती. जाड पुठ्ठ्याचं आठ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ कापा. डाव्या-उजव्या टोकांशी, कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत, समोरासमोर एकेक भोक पाडा. दोन्ही भोकांत तीस-तीस सेंटिमीटर दोरा दुहेरी करून ओवा. एका बाजूला गोष्टीतला प्राणी काढायचा आणि दुसऱ्या बाजूला तो जिथे असतो ती जागा: मासा आणि काचेचं भांडं, घुबड आणि झाडाची ढोली. दोरे पिळून दोन्हीकडे ताणले की चकती गरगर फिरते आणि मासा भांड्यात दिसतो, कारण एका चित्राचा ठसा नजरेतून जायच्या आत दुसरं समोर येतं. लंडनचे डॉक्टर जॉन आयर्टन पॅरिस यांनी १८२५ च्या सुमाराला हे खेळणं लोकप्रिय केलं.

हमखास होणारी चूक अशी: पहिलं चित्र काढून चकती पुस्तकाच्या पानासारखी उलटतात आणि मागे दुसरं चित्र काढतात. फिरवल्यावर मासा सुलटा आणि भांडं उलटं! चकती दोऱ्याभोवती, म्हणजे वरची कड खाली येईल अशी फिरते. दोरे दोन हातांत आडवे धरून चकती तशीच उलटा आणि मग मागचं चित्र सरळ काढा. शिवाय चित्रं जाड रेषांची आणि मधोमध हवीत. फिकी पेन्सिल फिरताना दिसतच नाही.

थोरल्यासाठी एका कागदाचं आठ पानी पुस्तक. साधा ए-४ कागद घ्या, ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा). जाड कार्डशीट नको, घड्यांवर फुगते.

कागद आडवा ठेवा. लांब कडा एकमेकींवर येतील अशी घडी घालून उघडा. मग आखूड कडा एकमेकींवर आणून घडी घाला आणि उघडा. आता दोन्ही आखूड कडा मधल्या घडीपर्यंत आणून दुमडा आणि सगळं उघडा. दोन ओळींत चार-चार अशी आठ घरं दिसतील. पुन्हा आखूड कडा जुळवून कागद अर्धा दुमडा. आता बंद बाजूने, म्हणजे घडीच्या बाजूने, मधल्या आडव्या रेषेवर पुढच्या उभ्या घडीपर्यंतच कापा. उघडल्यावर कागदाच्या पोटात दोन घरांएवढी लांब खाच दिसली पाहिजे. लांब कडा जुळवून कागद दुमडा, दोन्ही टोकं हातात धरून एकमेकांकडे ढकला. खाच उघडून वरून बघितल्यावर अधिकच्या चिन्हासारखा आकार होतो. पानं एका दिशेला वळवून दाबली की पुस्तक तयार. पानाचा आकार साधारण ७.४ गुणिले १०.५ सेंटिमीटर.

उघड्या बाजूने कापलं तर खाच मधे न येता दोन टोकांना येते आणि पुस्तक होत नाही. आरपार कापलं तर दोन पट्ट्या हातात. दुसरी गंमत आधी सांगून ठेवा: कागद उघडल्यावर एका ओळीतली चार पानं उलटी दिसतात. म्हणून आधी पुस्तक दुमडायचं, पेन्सिलीने पानांना आकडे घालायचे आणि मगच लिहायला-रंगवायला घ्यायचं.

मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून आत सहा पानं उरतात. त्यावर काय? वाचलेल्या गोष्टीचा सारांश अजिबात नको. "गोष्टीतल्या सहा जागा", "नायकाच्या पिशवीतल्या सहा वस्तू", "मला न कळलेले सहा शब्द" असं काहीतरी द्या. सहावी वस्तू आठवत नाही, मग पुस्तक उघडावंच लागतं.

मुलगा आठ वर्षांचा आहे. अडखळत वाचतो, जोडाक्षर आलं की थांबतो. आता तर पुस्तकच नको म्हणतो.
— काळजीत पडलेली आई

पुस्तक आधी बदला. शंभरेक शब्दांचं एक पान त्याला वाचू द्या आणि तो अडला की तुम्ही मनात मोजा. एखाददुसऱ्या शब्दाला अडला तर पुस्तक त्याला एकट्याने वाचण्याजोगं आहे. तीन-चारदा अडला तर शेजारी बसून वाचण्याजोगं. पाच किंवा जास्त वेळा अडला तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचायचं आणि त्याने ऐकायचं. हे मोजणं त्याच्यासमोर बोटं दुमडून करू नका.

शेजारी बसून वाचायची रीत अशी. दोघांनी एकाच वेळी, एकाच लयीत मोठ्याने वाचायचं. तुमचा वेग त्याच्याएवढा. एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने टेबलावर टिचकी मारायची, तुम्ही गप्प व्हायचं, तो एकटा पुढे जाईल. अडला तर चार सेकंद थांबा. मनात चार मोजा, कारण आपल्याला एका सेकंदात तोंड उघडायची सवय असते. नाही जमलं तर शब्द सांगा, त्याने तो म्हटला की पुन्हा दोघं मिळून. "अक्षर लाव, फोड कर" हे वाचनाच्या वेळी नको, गोष्ट तुटते. रोज दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, असं सहा ते आठ आठवडे करून बघा. तोच परिच्छेद लागोपाठ तीन दिवस वाचला तरी चालेल. तिसऱ्या दिवशी वेग वाढलेला त्याचा त्यालाच कळतो.

जोडाक्षरांसाठी वेगळा खेळ ठेवा, आणि सुरुवात "र" पासून करा, कारण सगळ्यात जास्त रूपं बदलणारा तोच. एका कागदाचे चार रकाने करा. पहिल्यात डोक्यावरचा रफार: तर्क, सर्प, गर्व. दुसऱ्यात पोटातली तिरकी रेघ: चक्र, क्रम, प्रकाश. तिसऱ्यात पायाखालचं छप्पर: ट्रक, ड्रम, राष्ट्र. चौथ्यात कोयत्यासारखा: दऱ्या, वाऱ्यावर, तिसऱ्या. खेळाचं नाव "र कुठे लपला?" वाचनालयातून आणलेल्या कुठल्याही पुस्तकाची चार पानं द्यायची आणि दहा मिनिटांत सापडतील ते शब्द रकान्यांत भरायचे. वाचायचे नाहीत, नुसते हेरायचे. पहिल्या दोन रकान्यांत ढीग जमतो, तिसरा आणि चौथा रिकामे राहतात. ते भरायला मुलं आपणहून आणखी पानं चाळतात.

रफाराशी मुलं का अडतात तेही ओघात दाखवा. "तर्क" मध्ये चिन्ह "क" च्या डोक्यावर दिसतं, पण आवाज "क" च्या आधी येतो. म्हणजे डोळा पुढे जातो आणि जिभेला मागे यावं लागतं. "दर्या" आणि "दऱ्या" ही जोडी मोठ्याने म्हणून बघायला सांगा: एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. पहिल्यात "द" वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. कानाला फरक कळला की डोळ्याला तो लवकर दिसतो.

या सगळ्यानंतरही दोन-तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, अक्षरांची उलटापालट होत असेल किंवा पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ धरत असेल, तर नजर आणि वाचनदोष यांची तपासणी करून घ्या.

मुलगा फक्त चित्रकथा आणतो. "खरी" पुस्तकं कधी वाचणार?
— वाचक

तो वाचतोच आहे. चौकटींचा क्रम लावणं, फुगा कोणाचा ते ओळखणं, दोन चौकटींमध्ये न दाखवलेलं जोडून घेणं, यात डोक्याला चांगलंच काम आहे. बंदी घालू नका. प्रत्येक खेपेला त्याच्या दोन चित्रकथांबरोबर तिसरं पुस्तक तुमच्या पसंतीचं ठेवा: त्याच विषयाचं, भरपूर चित्रांचं, आणि वाचायची सक्ती नसलेलं. चित्रकथा अवकाशातली असेल तर ग्रहांवरचं. न वाचता परत गेलं तर जाऊ द्या.

वर्गाला वाचनालयात नेते तेव्हा मुलं नुसती हिंडतात. कपाटांची ओळख होईल असा खेळ सुचवा.
— चौथीच्या वर्गाच्या शिक्षिका

खजिन्याचा शोध. मात्र तो विषयाच्या आकड्यांवर बेतलेला हवा, कोपऱ्यांत चिठ्ठ्या लपवण्याचा नको.

बऱ्याच वाचनालयांत पुस्तकं मेल्विल ड्यूई यांच्या दशांश पद्धतीने लावलेली असतात. १८७६ मध्ये आलेल्या या पद्धतीत ज्ञानाचे दहा मोठे भाग आहेत आणि प्रत्येकाला शंभर आकडे. विज्ञान ५०० पासून, कला आणि खेळ ७०० पासून, इतिहास-भूगोल ९०० पासून. मुलांच्या आवडीचे पत्ते असे: लोककथा ३९८.२, डायनोसॉर ५६७.९, पक्षी ५९८, अवकाशप्रवास ६२९.४, चित्रकथा ७४१.५, जादूचे प्रयोग ७९३.८. तुमच्याकडे वेगळी पद्धत असेल तर खेळ तोच, आकडे तिथल्या लेबलांवरचे.

चोवीस मुलांचे चार-चारांचे सहा गट करा, सहा कोडी तयार ठेवा. सगळ्या गटांना सहाही कोडी मिळतील, पण प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या कोड्यापासून. नाहीतर चोवीस मुलं एकाच कपाटावर तुटून पडतात. एका कोड्याला चार मिनिटं, मग घंटा आणि अदलाबदल. चोवीस मिनिटांत खेळ संपतो.

कोडं असं रचा की उत्तर मुखपृष्ठावर मिळणार नाही, पुस्तक उघडावं लागेल. उदाहरणार्थ: "मला आठ पाय. लोक मला कीटक समजतात, पण मी त्यांच्या कपाटात राहत नाही, शेजारी राहतो. मी कोण, आणि माझ्या पोटात दोरा कुठे तयार होतो?" मुलं धावत ५९५.७ कडे, म्हणजे कीटकांकडे जातात, आणि कोळी सापडतो ५९५.४ ला. का, ते एखाद्या मुलाने विचारलंच तर तास सार्थकी लागला.

दशांश चिन्हाशी घोळ ठरलेला. ५९८.१२ आणि ५९८.३ यांत आधी कोण? मुलं म्हणणार ३, कारण बारा मोठे. दशांश अजून शिकवले नसतील तर सांगा: टिंबानंतर आकडा पूर्ण वाचायचा नाही, शब्दकोशातल्या अक्षरांसारखा एकेक बघायचा. पहिल्याच जागी १ आणि ३ आहेत, म्हणून १ आधी.

आणि एक नियम कडक ठेवा: काढलेलं पुस्तक मुलांनी परत कपाटात लावायचं नाही, टेबलावर ठेवायचं. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. पुस्तकाची जागा लक्षात राहावी म्हणून पुस्तकापेक्षा उंच, चारेक सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्याची पट्टी तिथे उभी खोचून ठेवा.

प्रवासात पुस्तक हाताशी नसतं तेव्हा शब्दांचा एखादा खेळ?
— वाचक

शब्दसाखळी. शेवटच्या अक्षराने पुढचा शब्द. पण नियम आधी ठरवा, नाहीतर तिसऱ्या शब्दाला वाद. "कमळ" म्हटलं की खेळ बंद पडतो, कारण मराठीत "ळ" ने सुरू होणारा शब्दच नाही. "ण" चीही तीच गत, आणि अंगण, हरण, वळण असे शब्द तर पदोपदी येतात. तेव्हा शेवटी ळ किंवा ण आला की त्याच्या आधीचं अक्षर धरायचं: कमळवरून म, अंगणवरून ग. जोडाक्षर आलं तर त्यातलं शेवटचं व्यंजन: रस्तावरून त. सहा वर्षांच्या मुलांना काना-मात्रा माफ, दहाच्या पुढच्यांना मात्रेसह अक्षर.

ज्या अक्षराला गाडी अडली ते लिहून ठेवा. पुढच्या खेपेला वाचनालयातल्या शब्दकोशात त्या अक्षराचे पाच शब्द शोधायचे. "क्ष" किंवा "ज्ञ" असेल तर बघायची जागा कोशागणिक बदलते: काहींत ती अक्षरं अगदी शेवटी, काहींत क आणि ज च्या पोटात.

सुट्टीत सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्या मुलाला बक्षीस द्यावं का?
— वाचनालयाच्या कार्यकारिणीचे सदस्य

आमचा कौल "नको" असा आहे. संख्येवर बक्षीस ठेवलं की मुलं सर्वांत पातळ पुस्तकं उचलतात, शेवटचं पान वाचून नोंद करतात, आणि जाड कादंबरीत रमलेलं मूल यादीत तळाला जातं. संथ वाचणारी मुलं तर आठवड्याभरात नाद सोडतात.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ मधला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना "चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल" असं आधी सांगितलं होतं. पुढे मोकळ्या वेळेत ती मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना काहीच मिळालं नाही किंवा न सांगता अचानक मिळालं, त्यांच्यात अशी घट झाली नाही. प्रयोग चित्रांचा आहे, वाचनाचा नव्हे. पण ज्या मुलाला आधीच गोडी आहे त्याच्यापुढे आमिष ठेवताना तो आठवावा.

त्याऐवजी सोळा घरांचा तक्ता छापा, चार गुणिले चार. प्रत्येक घरात वाचायचा एक प्रकार: टेबलाखाली बसून वाचा, धाकट्या भावंडाला वाचून दाखवा, ज्याचं नावही ऐकलं नाही अशा प्राण्यावरचं पुस्तक, फक्त कविता, कोणीतरी मोठ्यांनी लहानपणी वाचलेलं, आवडलं नाही म्हणून अर्धवट सोडलेलं. हे शेवटचं घर जरूर ठेवा, सोडून देण्याचा हक्क मुलांना क्वचित मिळतो. आडवी, उभी किंवा तिरकी एक ओळ भरली की झालं. काही द्यायचंच असेल तर पुढच्या शनिवारची गोष्ट निवडण्याचा मान त्या मुलाला द्या. एकापेक्षा जास्त मुलांनी ओळ भरली तर एकेका शनिवारची पाळी लावा.

नात पाच वर्षांची आहे. मला बारीक अक्षर वाचता येत नाही. तिला गोष्ट कशी सांगू?
— आजोबा

शब्द नसलेली चित्रपुस्तकं मागा, बालविभागात ती असतात. तुम्ही विचारायचं आणि नातीने सांगायचं. चष्म्याचं काम तिच्याकडे. पहिल्यांदा पानं नुसती उलटून पूर्ण पुस्तक बघा, कारण शेवट माहीत नसेल तर मूल प्रत्येक चित्राचं वेगळं वर्णन करत सुटतं, गोष्ट जुळत नाही. दुसऱ्या खेपेला "आणि मग?" एवढंच म्हणत राहा. तिने सांगितलेली गोष्ट घरातल्या कोणाकडून मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून घेतलीत तर ती तुम्हीही वाचून दाखवू शकाल, अक्षर दोन सेंटिमीटर उंच असू द्या. उतरवताना तिचे शब्द सुधारू नका. "तो पळाला पळाला पळाला" असेल तर तीनदाच लिहा. पुढे ती तेच बोट ठेवून "वाचेल", आणि आपण बोललेलं कागदावर दिसतं हे तिथे तिच्या ध्यानात येईल.

वाचनालयाच्या पुस्तकाचं पान मुलाने फाडलं. चिकटपट्टी लावून परत केलं तर चालेल?
— ओशाळलेली आई

लावू नका. साधी पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक कागदात मुरतो आणि कडेने बाहेर येऊन शेजारचं पानही चिकटवतो. नंतर ती काढायला गेलं की छपाई सोबत येते. फाटलेला तुकडा असेल तर पाकिटात घालून पुस्तकाबरोबर द्या आणि पान क्रमांक चिठ्ठीवर लिहा. वाचनालयात अशा फाटीला आम्लरहित दुरुस्तीपट्टी किंवा पातळ जपानी कागद आणि पिठाची खळ वापरतात. पान भिजलं असेल तर उन्हात ठेवू नका, कागद वाकडा होतो. ओल्या पानांमध्ये साधे पांढरे टिपकागद घाला, ते ओले झाले की बदला, आणि पानं दमट उरली की पुस्तक मिटून वर वजन ठेवा. वर्तमानपत्राचा कागद घालू नका, त्याची शाई उतरते. परत करताना मुलालाच काउंटरवर पुस्तक देऊ द्या आणि "हे फाटलंय" एवढं त्यालाच सांगू द्या. मागे उभ्या राहून त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.